दाढीच्या ब्रशाचा हिवाळा

पौष लागला की सोलापूरची थंडी कोरडी होते. ओठ फुटतात, टाचा फुटतात, वाळत घातलेलं लुगडं दोरीवर ताठ होऊन बसतं. पहाटेचा गिरणीचा भोंगा एरवीपेक्षा जवळून वाजल्यासारखा वाटतो. मग सूर्य वर येतो, परसात उन्हाचा एक लांबट तुकडा पडतो आणि त्यात जाऊन बसावंसं वाटतं, नुसतं बसावंसं. अशा सकाळी माझा मुलगा आरशापुढे उभा राहून दाढी करतो. नळीतून साबण काढतो, चार हात फिरवतो, गाल पुसतो आणि कामाला जातो. साबणाचा वास मात्र मागे राहतो. तो वास पांघरून मी बसते, आणि मला शुक्रवार पेठेतलं ते बैठं घर दिसू लागतं, त्यामागचं कडुलिंबाचं झाड, आणि झाडाच्या खोडावर ठोकलेला एक खिळा.

तिसाच्या सालानंतरचे ते दिवस. माझ्या लग्नाला फार दिवस झाले नव्हते. घरात माणसं तीनच. हे, म्हणजे माझे यजमान, शाळेत चित्रकला शिकवत. सासूबाई होत्या, आणि मी. हे लहान असतानाच माझे सासरे वारले होते. सासूबाई तांबडं आलवण नेसत, डोक्यावरून पदर घट्ट ओढून घेत. बोलायच्या कमी, पण बोलल्या की वाक्य संपलेलं असे. पुढे काही विचारायची सोय नसे.

तेव्हाची रीत सांगितली तर आताच्या मुली हसतात. दिवसाउजेडी, मोठ्या माणसांसमोर, बायकोनं नवऱ्याच्या तोंडाकडे बघायचं नाही. ताट वाढताना ह्यांचे हात दिसायचे, दारातून जाताना पाठ दिसायची. बोटांना लागलेले रंग मला पाठ होते. ती बोटं लांब होती आणि करंगळी जरा बाहेर झुकलेली. चेहरा म्हणाल, तर तुकड्यातुकड्यानं पाहिलेला.

त्या वर्षी संक्रांतीच्या आधी हे सायकलवरून पडले. तळ्याच्या बाजूनं घरी येत होते. समोरून कडब्यानं भरलेली गाडी आली, तिला वाट द्यायला कडेला झाले आणि खडीवरून घसरले. उजवं मनगट मोडलं. डॉक्टरांनी फळ्या लावून हात बांधला, गळ्यात झोळी अडकवली आणि सांगितलं, "हलवायचा नाही. बसेल. कसा बसेल ते आता सांगता येत नाही."

चित्रं काढणाऱ्याचा उजवा हात! त्या संध्याकाळी ह्यांनी माझ्याकडे पाटी मागितली. पेन्सील डाव्या हातात धरून एक सरळ रेघ ओढायला गेले. रेघ अडखळत, वाकडी होत पाटीच्या काठापर्यंत गेली. ह्यांनी ती बाहीनं पुसली आणि पाटी भिंतीला टेकवून ठेवली. सासूबाई जपमाळ घेऊन बसल्या होत्या. मणी ओढणारा त्यांचा हात थांबलेला मी पाहिला.

नोकरी अजून कायम झालेली नव्हती. संक्रांतीनंतर तपासणीला साहेब येणार होते, आणि हेडमास्तर असे की दाढी वाढलेला मास्तर त्यांना वर्गात खपत नसे. "हात गेला तर गेला, निदान तोंड तरी जागेवर असायला हवं," हे म्हणाले. हसत म्हणाले, पण ते हसणं ऐकवत नव्हतं.

कॉलेजात असल्यापासून हे स्वतःची दाढी स्वतः करत. आमच्या घरी गेनू न्हावी यायचा, पण महिन्यातून एकदा, आणि तो ह्यांच्यासाठी नव्हे. तो कशासाठी यायचा ते पुढं सांगते. रोज सकाळी शाळेच्या घाईत पेठेतल्या न्हाव्याकडे जाऊन बसणं जमण्यासारखं नव्हतं. म्हणून ह्यांनी डाव्या हातानं करून पाहायचं ठरवलं. परसात आंघोळीचा बंब पेटलेला होता. त्याच्या कडेवर ब्रश ठेवला आणि पत्तीचा वस्तरा डाव्या हातात घेतला. तो हनुवटीवर टेकवतात न टेकवतात तोच कोपराचा धक्का लागून ब्रश खाली निखाऱ्यात पडला. केस जळाल्याचा घाण वास परसभर पसरला. तो उचलायला हे वाकले आणि वस्तरा गालाला लागला.

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. साबणाच्या पांढऱ्या फेसावरून रक्ताचा ओघळ उतरत होता आणि मला हलता येत नव्हतं.

"सुमे, उभी काय राहतेस? घे तो वस्तरा," सासूबाई म्हणाल्या.

"मी?"

"मग कोण? रोज तव्यावर हातानं भाकरी उलटतेस, पोळतं का? मग तेवढंच जपून करायचं."

"पण आई..." हे म्हणाले.

"तू गप्प बस. तुझ्यानं होत नाही हे दिसतंय की."

एवढं बोलून त्या देवघरात गेल्या आणि मुद्दाम, हे मला नंतर कळलं, बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

जुना ब्रश जळालाच होता. नवा घ्यायचा म्हणून आम्ही संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेत गेलो. जत्रेला सगळं सोलापूर लोटतं. पाळणे, भांड्यांची दुकानं, शेंगदाण्याच्या चिक्कीचे ढीग, धुळीत मिसळलेला भज्यांचा वास. हे पुढे, मी दोन पावलं मागे. एका ओळीत आरसे, कंगवे, सुऱ्या, कात्र्या मांडून एक म्हातारे मुसलमान दुकानदार बसले होते. पांढरी दाढी मेंदीनं रंगवलेली. सगळे त्यांना चाचा म्हणत.

त्यांनी तीन-चार ब्रश पुढे मांडले. ह्यांनी एक चकचकीत दांड्याचा उचलला.

"वो नक्को, मास्तर," चाचा म्हणाले. "दांडा चांगला हाय, बालां कापेले हैं. टोचतील. बाई, तुम्ही बघा. उजेडाला धरा."

मी धरला. केसांची टोकं दाढीच्या खुंटांसारखी आखूड आणि बोथट होती. मग चाचांनी लाकडी फूटपट्टीनं एक दुसरा ब्रश माझ्याकडे ढकलला. स्वतः हात लावला नाही.

"हा बघा. पण सच बोलतो, हे सुवर के बालां. मुंबईच्या पेटीत आले. आम्ही हात नै लावत, तुम्हीच उचला. माल मात्र एक नंबर."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. भर जत्रेत, अगदी समोरासमोर. ह्यांनी मान हलवली. मी ब्रश उचलला. लाकडी दांडा, मधे काळा पट्टा रंगवलेला, केस पिवळसर पांढरे. उजेडाला धरला तर एकेका केसाचं टोक बारीक होत गेलेलं, काही टोकं दुभंगलेली. तळहातावर दाबला तर वाकला आणि सोडताच ताठ उभा राहिला. चिमटीनं ओढून पाहिलं, केस निघाला नाही. बाजूच्या दोन बायका माझ्याकडे बघून पदर तोंडाला लावून हसल्या. तिकडे माझं लक्ष नव्हतं. आपल्या माणसाच्या गालाला काय लागणार आहे ते मी माझ्या तळहातावर पारखत होते.

"पहिले दिवस तरास देईल," चाचा म्हणाले. "फेस सगळा पिऊन टाकेल, बालां गळतील, बास येईल. फेकू नका. रोज कोमट पाण्यात भिजवा, साबण लावा, उलटा टांगा. आपोआप नरम होतो. जबरदस्ती नै चालत."

चाचा म्हणाले तसंच झालं. कोमट पाण्यात पडताच ब्रशाला असा वास सुटला, की जणू गोठ्यात कुणी ओलं जनावर बांधलंय. सासूबाई नाकाला पदर लावून बाहेर आल्या.

"हे काय शिजवतेस?"

"नवा ब्रश आहे, सासूबाई."

"कशाचा?"

खोटं बोलता आलं असतं. घोड्याच्या केसांचा म्हटलं असतं तर कोण बघायला येणार होतं? पण त्या बाईंसमोर खोटं तोंडातून निघत नसे.

"डुकराच्या केसांचा."

त्यांनी पदर नाकावर आणखी घट्ट धरला. मग म्हणाल्या, "घरात आणायचा नाही. परसातच राहू दे." दुपारी कडुलिंबाच्या खोडावर खिळा ठोकून त्यावर तो ब्रश मी उलटा टांगला. खिळा आणि दगड मला सासूबाईंनीच आणून दिला.

मग आमच्या सकाळी सुरू झाल्या. परसातल्या उन्हात हे पाटावर बसायचे, गळ्याभोवती पंचा. मी शेजारी उकिडवी. सुरुवातीला ब्रश खराट्यासारखा होता. साबण कितीही घोळवा, फेस यायचा आणि बघता बघता केसांत जिरून जायचा. ह्यांच्या गालावर दोन-चार केस चिकटून राहायचे, ते मी चिमटीनं काढायची. ह्यांचा गाल लाल व्हायचा. "झाडलोट चाललीय की दाढी?" हे विचारायचे. पहिल्यांदा मी ओशाळले. मग एके दिवशी मला हसू आलं, आणि मला हसताना पाहून ह्यांनाही. त्या अपघातानंतरचं ते पहिलं खरं हसणं.

ह्यांच्या हनुवटीखाली तीळ आहे हे मला त्या हिवाळ्यात कळलं. उजव्या भुवईत एक बारीक फट होती, लहानपणी गोट्या खेळताना लागलेली. डोळे मिटले की पापण्या एकसारख्या थरथरायच्या. वस्तरा गळ्यावरून जाताना हे श्वास रोखून धरायचे आणि मीही रोखायची. मग दोघं एकदमच सोडायचो. बोलणंही तिथंच सुरू झालं. हे मला सांगायचे, सावली काळी नसते, जरा बघ, निळी असते. मी कडुलिंबाच्या सावलीकडे बघायची आणि खरंच निळी दिसायची. मी माळशिरसच्या माझ्या माहेरचं सांगायची, मळ्यातल्या हुरड्याचं, गरम कणसं हातावर चोळताना होणाऱ्या चटक्यांचं. एकदा हे म्हणाले, "फळ्या निघाल्यावर हात वाकडा निघाला तर?" मी वस्तरा थांबवला. मला काही मोठं बोलता येत नव्हतं. मी म्हटलं, "डाव्या हातानं काढायचं. पाटी आहेच की घरात." त्या दिवसापासून हे रोज संध्याकाळी पाटी घेऊन बसू लागले. रेघा वाकड्याच यायच्या, पण आता बाहीनं पुसून पाटी भिंतीला जात नव्हती.

आणि ब्रश? तो कधी बदलला ते मला सांगता येणार नाही. एका सकाळी फेस जिरला नाही, वर आला. दाट, दह्यासारखा. केसांची टोकं फुटून मऊ झाली होती, बुडाशी ताठपणा तसाच होता. वास गेला होता. ह्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "आज काही बोलू नकोस. नुसता फिरव."

आता गेनूचं सांगते. तो महिन्यातून एकदा, सकाळी, मागच्या दारानं यायचा. "आक्का, आलोय," एवढंच म्हणायचा. सासूबाई परसात भिंतीकडे तोंड करून बसायच्या आणि पदर खाली घ्यायच्या. केशवपन. नवरा गेल्यापासून दर महिन्याला. त्या वेळी मी स्वयंपाकघरात जाऊन दार लोटून घ्यायची. वस्तऱ्याचा कोरडा आवाज तरीही यायचा. नंतर त्या आंघोळ करायच्या, भरपूर पाणी घेऊन, आणि त्या दिवशी दुपारपर्यंत कुणाशी बोलायच्या नाहीत. गेनू भला माणूस होता. डोळे वर न करता काम करायचा. पण तो परका पुरुष होता, आणि त्या उघड्या डोक्यानं त्याच्यासमोर बसायच्या. ह्यावर आमच्या घरात कधी कुणी एक शब्द बोललं नव्हतं.

माघ लागला होता. हे शाळेत गेले होते आणि मी ब्रश धूत होते. सासूबाई येऊन उभ्या राहिल्या. ज्या ब्रशाला घरात येऊ दिलं नव्हतं, त्याच्या टोकांवरून त्यांनी बोट फिरवलं.

"मऊ झाला की गं."

"हो. चाचा म्हणालेच होते."

त्यांनी बोट पदराला पुसलं. मग म्हणाल्या, "उद्या गेनूचा दिवस."

"हो."

"त्याला निरोप दे, येऊ नकोस म्हणून. तू करशील माझं?"

आधी मला समजलंच नाही. समजलं तेव्हा तोंडातून भलतंच निघालं. "सासूबाई, हा ब्रश डुकराच्या..."

"माहीत आहे. नंतर आंघोळच करायची असते. तो विटाळ पाण्यानं जातो." त्यांनी पदर पुढे ओढला. "परक्या माणसाचा हात डोक्यावर घेऊन इतकी वर्षं बसले, तो अजून गेलेला नाही."

दुसऱ्या दिवशी हे गेल्यावर मी पाणी तापवलं. त्या नेहमीसारख्या भिंतीकडे तोंड करून बसायला निघाल्या. मी पाट उन्हात ठेवला आणि म्हटलं, "इथं बसा. इथं ऊब आहे." त्या बसल्या. पदर खाली आला. मी पहिल्यांदाच त्यांचं डोकं पाहिलं. किती लहान होतं! कानामागे वस्तरा लागल्याच्या जुन्या, बारीक खुणा. खांदे कानांपर्यंत ओढलेले, जसं कुणी मारायला येतंय.

मी कात्रीनं खुंट कापले, ब्रश गरम पाण्यात बुडवला, फेस केला आणि टाळूवर ठेवला. त्या दचकल्या. गेनू नुसतं पाणी लावायचा, तेही गार. मी हळूहळू गोल फिरवत राहिले. कपाळापासून मागे, कानांच्या वर, मानेपर्यंत. बराच वेळ खांदे तसेच होते. मग ते खाली आले.

"हळू," त्या म्हणाल्या.

"दुखतंय?"

"नाही. हळू म्हणजे सावकाश. घाई करू नकोस."

मी घाई केली नाही. फेस वाळू लागला की पुन्हा ओला करायची. मधेच त्या म्हणाल्या, "गुडघ्यापर्यंत होते माझे. आई वेणी घालताना दमायची." एवढंच. वस्तरा चालवताना माझे डोळे भरून येत होते, आणि भरून चालणार नव्हतं, म्हणून मी पुन्हा पुन्हा दंडानं पुसत होते. झालं तेव्हा त्यांनी डोक्यावरून हात फिरवला आणि माझ्या गुडघ्यावर ठेवला. त्या दिवशी दुपारी त्या माझ्या शेजारी बसून जेवल्या. चटणी तिखट झालीय म्हणाल्या.

गेनूला निरोप मिळाला होता, तरी तो दोन दिवसांनी मागच्या दारी आला. मला वाटलं, काम सुटलं म्हणून रागावला असेल. तो पायरीखालीच उभा राहिला. "वैनी, आक्कांस्नी सांगा, लई बरं झालं. ह्ये काम कराय हात चालायचा न्हाय माजा. घरी गेल्यावर मी बी जेवत नव्हतो." सासूबाई आतून ऐकत होत्या. त्यांनी त्याला चहा द्यायला सांगितला.

तपासणी झाली. ह्यांनी साहेबांसमोर डाव्या हातानं फळ्यावर घागर काढली. जरा कललेली होती म्हणे, पण पोरं टाळ्या वाजवायला लागली आणि साहेब हसले. पुढे हाताच्या फळ्या निघाल्या. मनगट थोडं वाकडंच बसलं. बारीक काम त्या हातानं पुन्हा पूर्वीसारखं झालं नाही. नोकरी मात्र टिकली, आणि पुढची सगळी वर्षं हे दोन्ही हातांनी फळा भरायचे. फळ्या निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी मी ब्रश आणि वस्तरा ह्यांच्या पुढ्यात ठेवला. आनंद व्हायला हवा होता, आणि मी पंच्याची घडी घालायच्या निमित्तानं तिथंच घुटमळत होते. ह्यांनी ब्रश हातात घेतला, जरा वेळ तसाच धरला आणि परत माझ्याकडे दिला.

"हात अजून थरथरतोय. तूच कर."

हात अजिबात थरथरत नव्हता.

फाल्गुनात सासूबाईंचा दिवस पुन्हा आला. मी पाणी तापवलं, पाट उन्हात ठेवला, फेस केला. त्या आल्या, बसल्या, पदर खाली घेतला. मी ब्रश टेकवणार तेवढ्यात त्यांनी माझं मनगट धरलं. स्वतःच्या डोक्यावरून तळहात उलटा फिरवला, पुन्हा सुलटा. वाढलेल्या खुंटांचा खरखर असा आवाज झाला.

"राहू दे या वेळी," त्या म्हणाल्या.

पुढच्या वेळीही राहू दिलं. जेवताना पदर सरकला आणि ह्यांना ते पांढरं दिसलं. ह्यांनी मान खाली घातली, भात कालवत राहिले. नंतर मला परसात म्हणाले, "तिला काही विचारू नकोस. कारण सांगायला लावू नकोस." पेठेत मात्र कुजबूज झाली. पुराणाला गेलं की बायका त्यांच्यापासून सरकून बसू लागल्या. त्यांची एक लांबची जाऊ घरी येऊन बरंच बोलून गेली, शास्त्राचं, कुळाचं. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "डोकं माझं आहे." पुराण सुटलं. त्या घरीच पोथी वाचू लागल्या. पहिले काही दिवस त्या वेळेला, सवयीनं, त्या दाराकडे बघायच्या. मला ते बघवत नसे. पण त्यांनी तो निर्णय फिरवला नाही, आणि त्याबद्दल कधी हळहळल्याही नाहीत.

चैत्र सरत आला. कडुलिंबाला मोहोर आला, त्याचा कडवट गोड वास घरभर. उन्हं तापू लागली होती, तरी सकाळ अजून कोवळी होती. मी भाकऱ्या थापत होते. परसातून हाक आली.

"सुमे, जरा तेल आण."

"दिव्यातलं संपलं का?"

"दिव्याला नव्हे. डोक्याला."

मी पिठाचे हात कसेबसे धुतले, वाटीत खोबरेल घेऊन बाहेर गेले. त्या उन्हाकडे पाठ करून बसल्या होत्या. पदर त्यांनी आपणहून खांद्यावर टाकला होता, आणि पेरभर वाढलेले ते पांढरे केस वाऱ्यानं इकडचे तिकडे होत होते.